विन्या, परत येतच नाही रे!

सॅन मटेओ, कॅलिफोर्निया
रविवार रात्र

प्रिय विन्या,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज काल गाडीत ऐकला. मागे हर्णैच्या मासळीच्या लिलावाचा एवढा कालवा की अर्धं काही कळलंच नाही, पण शेवटचा प्रश्न बरोब्बर ऐकू आला, "अरे पतंग तुला ओढत नेतो ते ठीक आहे, पण मग परत कसा येतोस?" मृणाल शेजारी बसून खो खो हसत सुटली कारण परत आणणारी तीच असते.

म्हणजे काइटवर, पायाखाली बोर्ड आणि वर ओढणारा मोठा पतंग, परत येता येत नाही असं नाही हां. शिडाच्या होडीसारखंच आहे, वाऱ्याच्या तोंडावर तिरकं तिरकं चढत जिथून निघालो तिथेच उतरता येतं आणि रोजचं काइटिंग म्हणजे तेच, तास-दोन तास त्याच किनाऱ्यासमोर इकडून तिकडे, तिकडून इकडे. मला त्याचा कंटाळा येतो हे खरं. डाऊनविंडर म्हणजे एका गावी पाण्यात उतरायचं, वाऱ्याबरोबर जायचं आणि दुसऱ्याच गावी बाहेर पडायचं, परत यायचा विषयच नाही. एक गाडी आधीच पलीकडे नेऊन ठेवायची, नाहीतर घरचं कोणीतरी पटवायचं. गंमत म्हणजे बे ब्रिजला टोल फक्त सॅन फ्रान्सिस्कोकडे जाताना आहे, त्यामुळे खाडी ओलांडताना वाऱ्यावर फुकट आणि गाडीने परत येताना टोल, मृणाल दर वेळी ते बोलून दाखवते.

आता तुला वारा समजावून सांगायचा म्हणजे काजव्याने सूर्याला, पण इथला वेगळा आहे म्हणून सांगतो. आपल्याला शाळेत खारे वारे आणि मतलई वारे होते ना, तेच, फक्त अवाढव्य. इथला पॅसिफिक भर उन्हाळ्यातही थंडगार, खोलातलं गार पाणी वर येत राहतं म्हणून बारा-पंधरा अंशांच्या वर फारसं जात नाही, आणि आत शे-दीडशे किलोमीटरवर सेंट्रल व्हॅली तापते चाळीस अंशांपर्यंत. तिथली हवा वर उठते, तिची जागा भरायला समुद्रावरची गार हवा धावते आणि मधे डोंगरांची रांग आहे तिला मोठी म्हणावी अशी फट एकच, गोल्डन गेट, अरुंदातली अरुंद जागा साधारण दीड किलोमीटर. सगळा वारा त्या फटीतून घुसतो आणि आत आला की पंख्यासारखा पसरतो. एप्रिल ते सप्टेंबर, दुपारी दोन-तीनला सुरू आणि संध्याकाळपर्यंत अठरा ते पंचवीस नॉट, म्हणजे तासाला 33 ते 46 किलोमीटर. इथले लोक सॅन फ्रान्सिस्को आणि सॅक्रामेंटोच्या हवेच्या दाबातला फरक बघतात, तीन मिलिबारच्या वर गेला की ऑफिसात अर्ध्या लोकांना अचानक डेंटिस्टची अपॉइंटमेंट असते.

पण विन्या, वारा हा सोपा भाग आहे, खरी डोकेफोड पाण्याची. हे तुला सांगायला नको कारण तू भरती-ओहोटी बघितल्याशिवाय होडी काढत नाहीस, पण इथे काइटिंग शिकवणारेसुद्धा हे पोरांना उरकल्यासारखं सांगतात, वारा वारा आणि वारा. अरे एवढी मोठी खाडी दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा रिकामी होते आणि जवळजवळ सगळं पाणी त्या एकाच तोंडातून, तिथे ओहोटीची ओढ चार-पाच नॉटपर्यंत जाते. आणि ओहोटी जाते पश्चिमेला, वारा येतो पश्चिमेकडून. दोघं समोरासमोर आले की लाटा उभ्या होतात, आखूड, तुटक, गुडघ्यांचा पार भुगा. शिवाय पाणी तुला वाऱ्याच्या विरुद्ध ढकलत असतं त्यामुळे काइटला वारा आहे त्याहून जास्त लागतो, वीस नॉटचा दिवस चोवीसचा वाटतो. फॉइलवाल्या, म्हणजे बोर्डखाली पाण्यातला पंख लावून पाण्याच्या वर उचलून जाणाऱ्या, पोरांना हेच पाहिजे असतं, त्या लाटांवर काइट नुसती डोक्यावर तरंगत ठेवून सर्फिंग केल्यासारखं जाता येतं. पण ओहोटीत काइट पाण्यात पडली आणि उठली नाही तर तू गोल्डन गेटच्या पुलाखालून थेट बाहेर, पुढचा मुक्काम हवाई. म्हणून मी भरतीचा माणूस आहे. भरतीत पाणी आणि वारा एकाच बाजूला, लाटा मऊ, ओढ जरा कमी लागते म्हणून काइट एक साइज मोठी लावायची, आणि काही बिघडलंच तर तू आत वाहत जातोस, बाहेर नाही. लोक म्हणतात त्यात थ्रिल नाही. नसू दे.

आणि हसू नकोस, पण माझं प्लॅनिंग सुरू होतं कालनिर्णयवर. वेळा अर्थात इथल्या टाइड टेबलमधून घेतो, पण वीकेंड कुठला धरायचा ते तिथीवरून. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा गेटमध्ये जायचं नाही, अष्टमीच्या आगेमागे भांग, तेव्हा लांबचा बेत. तुझ्या आबांनी होडीत बसवून शिकवलेलं इथे जसंच्या तसं चालतं. एकदा इथल्या एका गोऱ्या मित्राला स्वयंपाकघरात भिंतीवरचं कालनिर्णय दाखवून समजावलं, आता तो दर महिन्याला मेसेज करतो, "व्हेन इज अष्टमी?"

नेहमीचा रस्ता सांगतो. क्रिसी फील्डवरून निघायचं, हे गोल्डन गेट पुलाच्या आतल्या अंगाला, पूर्वी लष्कराचं विमानतळ होतं, आता वाळू आणि गवत. इथे किनाऱ्याजवळ झाडांमुळे वारा मरतुकडा, बाहेर मात्र तुफान, त्यामुळे पहिली शंभर-दोनशे मीटर काइट वर-खाली हलवत, शिव्या देत जावं लागतं. मग एकदम बाहेरच्या वाऱ्याची रेघ दिसते, पाणी अक्षरशः रंग बदलतं, निळसर राखाडीवरून जवळजवळ काळं आणि त्यावर पांढरे तुरे. तिथे बोर्ड शिरला की बार, म्हणजे काइट सांभाळायचा हातातला दांडा, आपोआप अंगापासून दूर सोडला जातो आणि डावीकडे अल्कट्राझ, ते जुनं तुरुंगाचं बेट, जे 1963 मध्ये बंद झालं, ते भराभर मोठं व्हायला लागतं.

सरळ वाऱ्याच्या दिशेने मात्र जाता येत नाही, हे लोकांना पटत नाही. तू वाऱ्याइतक्या वेगाने त्याच दिशेला गेलास तर काइटला वारा उरतोच कुठे, दोऱ्या ढिल्या पडतात आणि काइट आकाशातून ओल्या टॉवेलसारखी खाली येते. म्हणून नागमोडी जायचं, डावीकडे लांब तिरकं, काइट खाली घुमवून वळायचं, मग उजवीकडे. क्रिसी ते खाडीपलीकडचं बर्कली सरळ मोजलं तर 13 किलोमीटरच्या आसपास, पण मनगटावरच्या जीपीएस घड्याळात त्याच्या दीडपट तरी दिसतं.

मधे जहाजं. ओकलंडचं बंदर आत आहे त्यामुळे कंटेनरवाली धुडं बरोबर आपल्या रस्त्यातून जातात, शिवाय फेरीबोटी. मोठ्या जहाजाला थांबता येत नाही आणि वळायला जागा नाही, वाट आपणच सोडायची, शिडाचा हक्क वगैरे काही चालत नाही. भोंगा पाच वेळा आखूड वाजला तर समजायचं की तो तुलाच विचारतोय, बाबा तुझा विचार काय आहे? मी जॅकेटला छोटा व्हीएचएफ रेडिओ अडकवतो आणि चॅनल 14 लावून ठेवतो, तिथे जहाजांची ट्रॅफिक कंट्रोलशी बोलणी चालतात, कोण कुठून निघालं ते आधीच कळतं.

आणि मग ट्रेझर आयलंड. 1939 च्या एक्स्पोसाठी भराव टाकून बनवलेलं सपाट बेट, त्याला चिकटून येरबा बुएना हे खरं डोंगराळ बेट, त्यावरून बे ब्रिज जातो. या दोघांच्या मागे वाऱ्याची सावली पडते. नकाशावर कळत नाही, तिथे गेल्यावरच कळतं. आधी काइटचा आवाज जातो. तोपर्यंत कापडाची एकसारखी फडफड आणि दोऱ्यांची शिट्टी चालू असते, कानाला इतकी सवय झालेली असते की ती थांबली की आपल्यालाच दचकायला होतं. हातातला बार हलका पडतो. दोऱ्यांवर मघापर्यंत ताणलेले पाण्याचे थेंब एकेक करून खाली ओघळायला लागतात, बोर्ड बसतो, पाणी मांड्यांपर्यंत येतं. तेव्हा घाबरून बार ओढला की काइट मागे मागे येऊन पडलीच समज, त्याच्या उलट बार सोडायचा, तिला पुढे उडू द्यायचं आणि दोन पावलं चालल्यासारखं पाण्यात पाय मारत ताण परत येऊ द्यायचा. सगळं मिळून अर्धा मिनिट असेल. म्हणून आता उत्तरेकडून बेटाला भरपूर लांब वळसा, अंतर वाढलं तर वाढलं.

पूर्वेचा काठ हा सगळा प्रकार अवघड करणारा काठ. वारा थेट तिकडेच लोटतो आणि बराचसा किनारा दगडांचा भराव आहे, उतरायला वाळू थोडी. त्यात बर्कलीचा जुना धक्का. 1926 साली बांधला, पाण्यात साडेपाच किलोमीटर आत, कारण खाडी तिथे इतकी उथळ की फेरीबोट काठाला लागेचना. आता बाहेरचा भाग मोडकळीला आलाय, नुसते लाकडी खांब ओळीने उभे, काही पाण्याच्या जेमतेम वर. काइटच्या दोऱ्या वीस-बावीस मीटरच्या, त्या अशा खांबात गुंतल्या तर खेळ खल्लास. म्हणून मी बर्कलीच्या आधीच उजवीकडे धरतो आणि बे ब्रिजच्या टोलनाक्याशेजारच्या छोट्या वाळूवर निघतो, त्याला रेडिओ बीच म्हणतात. सुंदर वगैरे अजिबात नाही, डोक्यावर ट्रकची घरघर, पण वाळू आहे आणि ओहोटी नसली तर चिखल कमी. भरतीचं गणित इथेही लागतं, खालच्या पाण्याला आलास तर पोटरीभर चिखलातून काइट डोक्यावर घेऊन चालत ये.

तर बघ, पाण्यावर तास-सव्वातास आणि त्याच्या आधी आठवडाभर हेच, भरती कधी, वारा कुठवर टिकेल, वाटेत मरला तर कुठे उतरता येईल, तिथे गाडी पोचते का. मला खरं सांगू, आवडतं ते हेच. उड्या मारायचं वय माझं गेलं, आणि या पाण्यात शिकून सहा वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालेली डॅनिएला मोरोझ इथलीच, लाफायेटची, तशी पोरं शेजारून सुसाट गेली की आपण किती पाण्यात ते लगेच कळतं. पण रस्ता काढण्यात वय आड येत नाही.

पुढचा बेत डोक्यात आहे तो म्हणजे गेटपासून शेरमन आयलंडपर्यंत, सत्तर-ऐंशी किलोमीटर. रिचमंडच्या पुलाखालून सॅन पाब्लो बे, मग कार्किनेझची चिंचोळी खिंड, मग सुइसून बे आणि शेवटी नदीचं गोडं पाणी, जिथे हवा एकदम गरम होते आणि वेटसूट काढून फेकावासा वाटतो. कार्किनेझचीच धास्ती आहे, दोन्हीकडे टेकड्या, वारा झटक्याझटक्याने येतो आणि तेलाच्या जहाजांची ये-जा. एका दिवसात नाही झालं तर दोन दिवसांत, मधे मुक्काम करून. मृणालने अजून हो म्हटलेलं नाही.

आपल्याकडे करता येईल का, हे तू विचारलंस. पावसाळ्यात नाही, तेव्हा वारा आहे पण सरळ किनाऱ्यावर आदळणारा आणि समोर फुटणाऱ्या लाटा, ते तूच मला जास्त सांगशील. पण मार्च ते मे दुपारनंतर जो वायव्येचा धरतो, तो हर्णैहून मुरुड, कर्दे, लाडघर असा दक्षिणेकडे जायला अगदी लाइनीत आहे की! जोर कमी पडेल, मोठी 12 चौरस मीटरची काइट आणि खाली फॉइल लागेल. तू एक काम कर, पुढच्या सीझनला होडीवरून बघून ठेव की तो किती वाजता धरतो आणि लाडघरपर्यंत एकसारखा असतो का, मोबाइलवरच्या ॲपवर माझा विश्वास नाही, तुझ्यावर आहे. बुरोंडीच्या पुढे कुठे उतरता येईल तेही बघ, दगड किती ते तुला पाठ असेलच.

बाकी तू येतोयस ते नक्की ना? 31 जुलैपर्यंत मासेमारी बंदी, होड्या वर, तू मोकळा, आणि इथे जुलै म्हणजे वाऱ्याचा भर महिना, ताईकडे फ्रीमाँटला आठवडा काढ आणि मग इकडे ये. अलामेडाला क्राउन बीचवर तुला दोन-चार दिवस शिकायला घालतो, तिथे कंबरेएवढं पाणी आणि वाळू, पडलास तरी उभा राहशील. नंतरच्या शनिवारी मी क्रिसीवरून निघेन आणि पलीकडे गाडी घेऊन तू थांबशील, म्हणजे मृणालला एक दिवस सुट्टी. त्यासाठी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून आण, आत्ताच कर, आदल्या आठवड्यात धावपळ नको. आणि वेटसूट भाड्याने बघायचाय, तर उंची, वजन आणि छातीचं माप पाठव. वजन खरं पाठव रे, काइटचा साइज त्यावर ठरतो.

वहिनींना नमस्कार, आबांना सांग त्यांची अष्टमी इथे चालते.

तुझा,
मंद्या

ता. क. सुकट आणलीस तर फ्रीमाँटला सोडून ये, इथे शेजारी फायर अलार्म वाजवतात.