आकडा उतरला, पण झटका टळला का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) एकाच गोळीत आवरणाऱ्या औषधाच्या चाचणीची बातमी आली की तीत 'इतके टक्के घट' एवढेच असते. इंदूरच्या नेहरू पार्कात सकाळी फिरणारे आम्ही मराठी म्हातारेही तसलेच. लिपिड प्रोफाइलचा (रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा) कागद नातवाच्या प्रगतिपुस्तकासारखा फिरवतो. गोळ्यांच्या पाकिटावर 'रोसुवास्टॅटिन 10, फेनोफायब्रेट 160'. आकडा उतरला म्हणून पोहे-जिलबीची आणखी एक प्लेट!

हृदयाला त्याचा उपयोग किती? 2010 साली प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅकॉर्ड' चाचणीत 5,518 मधुमेही होते. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध) सगळ्यांना, निम्म्यांना जोडीला फेनोफायब्रेट (ट्रायग्लिसराईड उतरवणारे). हृदयविकाराचे झटके, पक्षाघात, मृत्यू यांत म्हणावा असा फरक पडला नाही. मग आशा धरली गेली की ट्रायग्लिसराईड जास्त आणि एचडीएल ('चांगले' कोलेस्टेरॉल) कमी असलेल्यांना तरी फायदा होत असेल. अशाच दहा हजारांवर मधुमेहींना निवडून पेमाफायब्रेट (फेनोफायब्रेटच्याच जातीचे औषध) तपासले. 2022 मध्ये निकाल लागला: ट्रायग्लिसराईड सुमारे 26 टक्के खाली, झटके जिथल्या तिथे. उलट स्टॅटिनसोबत एझेटिमाइब (कोलेस्टेरॉल उतरवणारे दुसरे औषध) दिल्यावर 18,144 रुग्णांत फायदा दिसला, थोडा पण खरा. तो दिसायला वर्षे लागली. आकडा काय, दोन-तीन महिन्यांतही मोजता येतो, आणि खर्चही कमी.

(हे वाचून कुणी गोळ्या बंद करू नयेत. ट्रायग्लिसराईड हजारावर गेले तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.)

इंदूरकरांना औषधचाचण्या नव्या नाहीत. इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. 2013 पासून संमती घेतानाचे चित्रीकरण सक्तीचे झाले. 2015 च्या दुरुस्तीने मात्र ते नव्या रेणूच्या (म्हणजे अगदी नव्या औषधाच्या) चाचणीतल्या दुर्बल घटकांपुरतेच उरले, आणि 2019 च्या नियमांतही तसेच राहिले. जुन्याच दोन औषधांची जोडगोळी त्यातून अलगद सुटते. म्हणजे सहीआधी कुणी काय समजावले, याचा पुरावा फक्त संमतिपत्राचा तो बारीक अक्षरांतला कागद.

आपल्याला एकच विनंती. अशी बातमी छापताना क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियातील नोंदणी क्रमांक द्यावा. नोंदणी 2009 पासून बंधनकारक आहे आणि चाचणीत मुख्यतः काय मोजणार, रक्तातला आकडा की झटके, हे तिथे कुणालाही पाहता येते. तेवढी एक ओळ बातमीतही यावी.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, रामबाग, इंदूर