वर्षास पत्र, आमच्या धोंडूबद्दल

प्रिय वर्षा,

तुझा व्हॉइस मेसेज काल रात्री ऐकला, दोनदा ऐकला. तुझ्या ओवीने व्हिडिओ कॉलवर आमच्या धोंडूला बघितल्यापासून कासव कासव करून घर डोक्यावर घेतलंय, आणि तुमच्या ओळखीतला कोणीतरी "आणून देतो गुपचूप" म्हणालाय, म्हणून तुला माझ्याकडून हवंय की धोंडू काय खाते, कुठे राहते, काय काय करावं लागतं ते सगळं. फोनवर हे नाही होणार गं, मी अर्धं विसरेन आणि तू अर्धं ऐकशील, म्हणून लिहायला बसलेय. चहा घेऊन बस, मोठं होणार आहे.

आधी धोंडू आहे कोण ते सांगते. ती लेपर्ड टॉर्टॉइज आहे, बिबट्यासारखे ठिपके म्हणून हे नाव. मूळची आफ्रिकेतली, केनिया टांझानियापासून खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंत सापडते. तिकडच्या सफारीत हत्ती सिंह वगैरे बिग फाइव्ह, म्हणजे बघायचेच असे पाच मोठे प्राणी, असतात ना तसे लिटल फाइव्ह, पाच छोटे, पण आहेत, त्यात हे कासव आहे. आमची मात्र इथेच ॲरिझोनात अंड्यातून निघालेली. अमेरिकेत 2000 सालापासून या कासवांची आयात बंद आहे, कारण त्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून गुरांना हार्टवॉटर नावाचा रोग येण्याची भीती होती, त्यामुळे हल्ली इथे जी पिल्लं विकतात ती पाळलेल्या कासवांचीच असतात.

2017 च्या मे महिन्यात आणली तेव्हा 38 ग्रॅम, लिंबाएवढी. हातात घेतली की खालून पायांची नखं इतकी हलकी लागायची की मला रडूच यायचं. आता 6 किलो आहे. आम्ही धोंड्यासारखी म्हणून धोंडू नाव ठेवलं, तेव्हा तो आहे की ती आहे कळतच नव्हतं, मागच्या वर्षी डॉक्टरांनी शेपूट बघून मादी आहे म्हणून सांगितलं. नाव तेच राहिलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते. तू कॉलवर म्हणालीस ना की "किती छान उंचवटे आहेत गं पाठीवर, पिरॅमिडसारखे", ते ऐकून माझ्या पोटात तुटलं. ते उंचवटे छान नाहीत वर्षा. या कासवाची पाठ गुळगुळीत, उलट्या वाडग्यासारखी असायला हवी. ते उंचवटे माझ्या चुकीचे आहेत, पहिल्या 14 महिन्यांचे, आणि ते आता कधीच जाणार नाहीत.

झालं असं की ज्याच्याकडून आणली त्याने सांगितलं, आफ्रिकेतलं आहे, रखरखाटातलं आहे, कोरडं ठेवा, पाणी आठवड्यातून दोनदा पुरे. मी काचेची टाकी आणली, खाली कोरडा भुसा, वर लाल बल्ब दिवसरात्र. ॲरिझोनाची हवा आधीच कोरडी, घरात एसी, त्यात तो बल्ब. पिल्लू खायचं, फिरायचं, वजन वाढायचं, मला वाटायचं सगळं मस्त चाललंय. मग एक दिवस आंघोळ घालताना अंगठा पाठीवरून फिरवला आणि प्रत्येक चौकोनाच्या मध्ये टेंगूळ लागलं.

नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की कवच वाढतं ते प्रत्येक चौकोनाच्या कडेने. हवा कोरडी असली की ती कड सुकून कडक होते आणि खालून येणारा नवा थर आडवा पसरायच्या ऐवजी वर उचलला जातो. पूर्वी लोक म्हणायचे जास्त प्रोटीनने होतं, पण 2003 मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी सल्काटा नावाच्या दुसऱ्या आफ्रिकन कासवाच्या पिल्लांवर प्रयोग केला तेव्हा दिसलं की सगळ्यात जास्त फरक पडतो हवेतल्या ओलाव्याने. आणि विचार केला तर पटतं ना, तिकडे पिल्लं जमिनीतून वर येतात ती पाऊस पडून माती मऊ झाली की. ओल्या गवतात, ओल्या मातीत, पानांखाली दडून लहानपण जातं त्यांचं. मोठं कासव रखरखाटात राहतं म्हणून आपण पिल्लालाही तसंच ठेवायचं हे कुठलं शहाणपण.

मग सगळं बदललं. टाकी काढून चारी बाजूंनी बंद पेटी केली, 4 फूट बाय 2 फूट, खाली ऑर्किडला वापरतात ती बारीक साल, रोज थोडं कोमट पाणी ओतून खालचा थर ओला ठेवायचा. ओलावा 80 टक्क्यांच्या आसपास आणि ऊब पण, कारण ओलं आणि गार एकत्र आलं की यांना न्यूमोनिया होतो, ओलं हवं तर गरमच हवं हे लक्षात ठेव. दिव्याखाली 35 डिग्री, दुसऱ्या टोकाला 27, रात्री सुद्धा 26 च्या खाली नाही. उजेडासाठी वेगळी यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची, ट्यूब, ती नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि खिडकीतल्या उन्हाचा काही उपयोग नाही कारण काचेतून यूव्हीबी येत नाही. ट्यूब दिसायला चालू असते पण वर्षभरात तिचा यूव्हीबी कमी होतो, मी दर दिवाळीला बदलते म्हणजे विसरायला होत नाही.

आणि रोज आंघोळ. आपण बाळाला घालतो तशीच, पाणी कोपराने बघायचं, परातीत हनुवटीपर्यंत येईल इतकंच, 20 मिनिटं. ती मान लांब करून, डोळे अर्धे मिटून पाणी पिते तेव्हा गळा हलताना दिसतो, मग पाण्यातच शी-शू करते. शू बरोबर पांढरं काही येतं ते टूथपेस्टसारखं मऊ असलं तर ठीक, वाळूसारखं खरखरीत लागलं की पाणी कमी पडतंय. मी अजून बोटाने बघते, आमच्या ह्यांनी आता नाक मुरडायचं पण सोडलंय.

दोन वर्षांची झाल्यावर बाहेर अंगणात नेली. इथल्या लॉनचं गवत बर्म्युडा म्हणतात, आणि वर्षा ते म्हणजे आपल्या दूर्वा आहेत गं! हरळीच. धोंडू दिवसभर दूर्वा खाते, आणि मी गणपतीला तिच्याच अंगणातल्या 21 खुडून वाहते. खाताना आवाज येतो, शेळी चरते तसा कर्र कर्र, मान तिरकी करून एक पातं पकडणार, पुढचा पाय रोवून ओढणार, तुटलं की गुलाबी जीभ आत. ते बघत मी सकाळी अर्धा तास कधी गेला कळत नाही इतकी बसते.

अंगणात आणायच्या आधी मात्र महिनाभर खपलो. आधीच्या मालकाने भिंतीलगत कण्हेर लावलेली होती, या फीनिक्सच्या बाजूला कुंपणाला सगळीकडे कण्हेरच असते, ती मुळासकट काढली, घाणेरी पण काढली. दोन्ही विषारी. वर्षभर लॉनवर कुठलंच औषध मारू दिलं नाही. भिंत पक्की आहे हे बरं, कारण जाळीतून पलीकडचं दिसलं की ही कासवं तिथेच ढुशा देत राहतात. खड्डा मात्र करत नाहीत, सल्काटासारखी बिळं खणत नाहीत, म्हणजे निवारा आपणच द्यायचा. दक्षिण आफ्रिकेत शेतांना विजेचं कुंपण असतं, त्याच्या खालच्या तारेला ही लागली की मागे सरत नाहीत, कवचात जाऊन तिथेच बसतात आणि झटके खात मरतात. संकट आलं की आत जायचं एवढंच त्यांना माहीत. ते वाचल्यापासून मी अंगणातली प्रत्येक वायर पाइपात घातली.

उन्हाळ्यात इथे सावली हेच घर. 2023 ला तर सलग 31 दिवस पारा 110 फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होता, म्हणजे तुझे 43 डिग्री. तुतीच्या झाडाखाली चिखलाचा खड्डा केलाय, त्यात दुपारभर बसून राहते. जुलैत इथेही मॉन्सून म्हणतात तो पाऊस येतो, पहिली सर आली की ती पावसात येऊन उभी राहते, पाय ताणून, पाठीवरून पाणी ओघळतं. मला माहेरची आठवण येते तेव्हा.

हिवाळा वाईट. बर्फाळ देशातली कासवं झोपून काढतात तसं यांना जमत नाही, यांना शीतनिद्रा नसते, त्यामुळे रात्री गरम खोली लागतेच. प्लायवूडचा 4 बाय 4 चा बॉक्स, आतून थर्माकोलसारख्या शीटचं अस्तर, तेलाचा छोटा हीटर, त्याला थर्मोस्टॅट 27 वर, दाराला प्लास्टिकच्या पट्ट्या. 2021 च्या जानेवारीत रात्री पाऊस आला आणि बाहेरच्या प्लगचा ब्रेकर ट्रिप झाला, आम्ही झोपलेलो, सकाळी हात घातला तर बॉक्समध्ये 8 डिग्री. चार दिवसांनी नाकातून बुडबुडे. मान ताणून तोंड उघडून श्वास घ्यायला लागली, कासव ओरडत नाही गं, रडत नाही, त्यामुळे तेवढं दिसतं तेव्हा आधीच उशीर झालेला असतो. सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर तासाभराच्या अंतरावर, दर तीन दिवसांनी पुढच्या पायात इंजेक्शन, तिसरं की चौथं झाल्यावर मला द्यायला शिकवलं. माझे हात थरथरायचे. पाच आठवडे ती बाथरूममध्ये राहिली आणि वाचली. आता बॉक्सचं तापमान फोनवर दिसतं, 22 च्या खाली गेलं की अलार्म होतो, रात्री दोनदा उठून मी तरीही बघते.

आता खाणं. तू विचारलंस भाजी कुठली घालतेस, तर भाजी नाहीच मुळात, गवत. गवत आणि रानातलं जे उगवतं ते. मोठं कासव वाळलेलं गवत पण खातं, लहानांना ते चावत नाही म्हणून मी कात्रीने बारीक कापून ओलं करून द्यायचे. त्याशिवाय जास्वंदीची फुलं आणि पानं, तुतीची पानं, द्राक्षाची पानं, आणि निवडुंग. फड्या निवडुंगाचं पान तिला सगळ्यात आवडतं, इथल्या मेक्सिकन दुकानात नोपालेस म्हणून काटे काढलेले मिळतात, नाहीतर गॅसवर धरून काटे जाळायचे. फूल लाल असलं तर दहा फुटांवरून बघून चालत येते. थंडीत गवत पिवळं पडतं तेव्हा गवताचा गठ्ठा विकत आणते, आठवड्यातून एकदा कासवांच्या खाद्याच्या गोळ्या भिजवून.

पालक नाही, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. डाळ, कडधान्य, पनीर, अंडं काही नाही. फळ नाही. सासूबाई इथे चार महिने होत्या, त्यांचा जीव जडला होता तिच्यावर, स्वतः जेवायच्या आधी तिच्यापुढे पोळीचा तुकडा आणि केळं ठेवायच्या, म्हणायच्या मुकं लेकरू आहे. आठवड्यात जुलाब. कासवाच्या पोटात गवत आंबवणारे जंतू असतात, साखर गेली की ते बिघडतात. त्यांना समजावून सांगितलं तर मनाला लावून घेतलं नाही त्यांनी, दुसऱ्या दिवसापासून केळ्याऐवजी जास्वंद ठेवायला लागल्या. अजून फोनवर आधी विचारतात, फूल दिलं का.

कॅल्शियमसाठी समुद्रफेस ठेवते अंगणात, तोच तो, आजी कान फुटल्यावर उगाळायची तो. ती कुरतडते तिला वाटेल तेव्हा. तिकडे जंगलात ही कासवं जुनी हाडं चावतात, तरसाची वाळलेली विष्ठा सुद्धा खातात, त्यातल्या चुन्यासाठी. कोणी शिकवलं असेल त्यांना.

आता ओवीचं. तो माणूस "गुपचूप आणून देतो" म्हणतोय ते कासव लेपर्ड नसणार, ते आपलं चांदणी कासव असणार, स्टार टॉर्टॉइज. लहानपणी दोन्ही दिसायला जवळजवळ सारखीच. ते आपल्या 1972 च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे, घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि 2019 पासून रानातून पकडलेल्या या कासवांचा देशादेशांतला व्यापारही बंद आहे. घरात कासव आलं की लक्ष्मी येते म्हणून लोक घेतात आणि ती रानातून पकडून, पायांना चिकटपट्ट्या लावून, बॅगेत कोंबून आणलेली असतात. आमच्या दादाच्या सोसायटीत एकांनी टबात ठेवलं होतं, पाण्यात, जमिनीवरचं कासव. प्लीज नको घेऊस. रागावू नकोस माझ्यावर, पण नको. त्याने आणून दारात ठेवलंच तर परत पाठवू नकोस त्याच्याबरोबर, वनखात्याला 1926 वर फोन कर, ते येईपर्यंत खोक्यात उबेला ठेव, उथळ ताटलीत पाणी आणि थोड्या दूर्वा.

ओवीला म्हणावं धोंडूमावशी तुझीच. यांची जात पन्नास वर्षं, त्याहून जास्त जगते, म्हणजे मी नसेन तेव्हाही ती असणार आहे आणि मला खरंच कोणीतरी लागणार आहे तेव्हा. हे मी नुसतं तिची समजूत घालायला लिहीत नाहीये.

परवा मोजपट्टी घेऊन बसले होते. 2018 च्या उन्हाळ्यानंतर जेवढं कवच वाढलंय ते सगळं सपाट आहे, वर टेंगळं आणि त्यांच्या भोवती गुळगुळीत पट्टा, आणि चौकोनांच्या मधल्या फटीत सध्या दुधाळ रंगाची नवी रेघ आलीये, दोऱ्याएवढी. फोटो पाठवते, झूम करून बघ.

रविवारी तुझ्या रात्री दहाला कॉल कर, इथे साडेनऊ असतात, ऊन बॉक्सच्या दाराशी येतं आणि ती पट्ट्यांतून डोकं बाहेर काढते. ओवीला जागं ठेव तेवढं. मी जास्वंद राखून ठेवते, तिने सांगितलं की मी फूल पुढे करेन.

तुझी,
मेधा