वेलीवर ठेवलेले घड

निफाड, ८ डिसेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. रात्री दोनदा वाचलं. ४२ प्रकारचे मसाले, चटण्या, पीठं, वर दिवाळीचा फराळ, आणि आता कोणीतरी सुचवलं म्हणून लोणच्याचा घाट. पहाटे चारला उठून रात्री अकरापर्यंत राबतोस आणि महिनाअखेर हातात काही उरत नाही, हे वाचून जीव तुटला. म्हणून आज द्राक्षबागेतच लिहायला बसलोय.

इथे थिनिंग, म्हणजे जास्तीचे घड-मणी काढणं, चालू आहे. फळासाठीच्या गोडी छाटणीला पन्नासेक दिवस झाले, मणी ज्वारीएवढे झालेत. पेठ-सुरगाण्याकडच्या बाया कात्र्या घेऊन मांडवाखाली उभ्या आहेत आणि ओळीओळीत हिरव्या घडांचा सडा पडलाय. तुला बघवणार नाही. मलाही बघवायचं नाही.

दादा गेले आणि बाग माझ्या हाती आली, त्या वर्षी एकेका वेलीला ६०-७० घड होते. मुकादम म्हणाला, "भाऊ, निम्मे काढा." मी एकाला हात लावू दिला नाही. झाडाला आलेलं फळ आपण कसं तोडायचं, असंच वाटलं. फेब्रुवारीत कळलं. मण्याला फुगवण नाही, गोडी भरेना. निर्यातीला १६-१८ मिलिमीटरचा मणी लागतो, माझ्याकडे तसा घड शोधावा लागत होता. सगळा माल पडेल त्या भावात बेदाण्याला दिला. खत तेवढंच, पाणी तेवढंच, फवारण्या तेवढ्याच. पुढच्या वर्षी मन घट्ट केलं. वेलीला ३०-३५ घड, एका घडात शंभर-सव्वाशे मणी. सोसायटीच्या कर्जाचा आकडा त्या वर्षी पहिल्यांदा खाली आला.

तेव्हापासून एक ओळखायला शिकलो. बागेत काम बाराही महिने असतं, पण सगळे दिवस सारख्या मोलाचे नसतात. एप्रिलच्या, नवी काडी तयार करायच्या खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीच्या डोळ्यात पुढच्या मोसमाचा घड तयार होत असतो. वरून काही दिसत नाही. शेजारचा म्हणतो, आता काय, निवांत आहात! त्याच दिवसांत पाणी आणि नत्र जास्त झालं, कॅनॉपी म्हणजे पानांचा पसारा दाटला, डोळ्यावर ऊन पडलं नाही, तर ऑक्टोबरनंतर कितीही औषधं ओता, फुटीवर घडाच्या जागी बाळी, म्हणजे नुसता तणावा, दिसते. दुसरे दिवस फुलोऱ्याचे. ढगाळ हवा, पाऊस, सकाळचं धुकं, आणि डावणी हा बुरशीचा रोग थेट घडावर येतो. या दोन वेळांना मी कुणाच्या लग्नालाही जात नाही. नातेवाईक रुसतात, पण जात नाही.

थोरलीच्या कॉलेजच्या अभ्यासात पारेटो नावाच्या इटालियन अर्थशास्त्रज्ञाचा धडा होता. उत्पन्नाची वाटणी किती विषम असते, याचे आकडे त्याने १८९६-९७ साली मांडले. पुढे अमेरिकेत जोसेफ जुरान कारखान्यांतल्या मालाच्या दर्जाचं काम करत होते. बहुतेक बिघाड मोजक्याच कारणांतून येतात हे त्यांना दिसलं आणि त्या नियमाला त्यांनी पारेटोचं नाव दिलं. मला त्यातली एकच गोष्ट फार भावली. उरलेल्या पुष्कळ कारणांना जुरान आधी क्षुल्लक म्हणत, नंतर त्यांनी तो शब्द बदलून 'उपयुक्त' केला.

वेलीचं हेच आहे. एक घड पोसायला १२-१५ पानं लागतात. आम्ही जास्तीचे घड काढतो, फेलफुटी म्हणजे नको असलेले फुटवे काढतो, पण घड पोसणारी पानं ठेवतो. जो दुसऱ्या घडाचा घास खातो तो काढायचा. जो घास भरवतो तो ठेवायचा.

आता तुझंच बघ. काळा मसाला आणि मेतकूट पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं पुन्हा पुन्हा मागवतात, हे तूच लिहिलंस. बाकीच्या बरण्या तीन-तीन महिने हलत नाहीत, हेही तूच लिहिलंस. त्या बरण्या तुझे जास्तीचे घड आहेत. पण मिरचीचे देठ खुडणं, धणे उन्हात घालणं, खोबरं मंद आचेवर भाजणं यात वेळ जातो म्हणून ते बाहेरून करून घ्यायचा विचार मात्र करू नकोस. ती पानं आहेत रे. त्यावरच तो मसाला उभा आहे. काकूंनी सुरू केलेल्या चटण्या बंद करताना मन खाईल, मला कळतं. घरापुरत्या कर. सणाला कर. दुकानातून काढ.

माझं ऐकूनच ठरव असं नाही. गेल्या तीन वर्षांच्या वह्या काढ आणि प्रत्येक मालापुढे दोनच गोष्टी लिही: किती पैसे उरले, आणि तुझे किती तास गेले. वहिनींना शेजारी बसव, त्यांना तुझ्यापेक्षा खरं दिसतं.

माल फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघेल. तेव्हा दोन दिवस दुकान बंद ठेव आणि या दोघं. येताना वह्या आण, मांडवाखाली बसून बघू. आणि थोडा काळा मसाला आण, घरातला संपलाय.

मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
निफाडकर