नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

संपादक महोदय,

घरातला कर्ता माणूस गेला की तेराव्यानंतर बँक, सोसायटी आणि तलाठी कार्यालय यांच्या फेऱ्या सुरू होतात. त्यातल्या बऱ्याचशा मनस्तापाचे मूळ एकाच समजुतीत असते : ‘सगळीकडे नॉमिनी लावलाय, आता मृत्युपत्र कशाला?’

नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, पण ते वारसांच्या वतीने. मालकी ठरते मृत्युपत्राने, आणि ते नसेल तर वारसा कायद्याने. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात हेच स्पष्ट केले. आयुर्विम्यात मात्र २०१५ पासून आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर सर्वसाधारणपणे रक्कम त्यांचीच होते. फ्लॅटचे तसे नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा फक्त तात्पुरता सभासद असतो. गावात राहतो म्हणून थोरल्या मुलाचे नाव सोयीसाठी घातलेले असते. दहा वर्षांनी तो घर विकायला निघतो, तेव्हा खरेदीदाराचा वकील सगळ्या बहिणींच्या सह्या मागतो आणि व्यवहार तिथेच अडकतो.

वारस कोण, याबद्दलही गैरसमज फार. हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना समान वाटा मिळतो. वडील पहिल्या वर्गात, म्हणजे सर्वांत आधी हक्क मिळणाऱ्या वारसांत, नाहीत. आई आहे, आणि नेमका तिचाच विसर पडतो. मागे पत्नी, दोन मुले आणि आई असतील तर स्वकष्टाच्या फ्लॅटचा चौथा हिस्सा आईचा. पुढे आईही मृत्युपत्र न करता गेली की त्या चौथ्या हिश्शात तिची इतर मुले, म्हणजे पत्नीचे दीर-नणंदाही येतात. घर नवऱ्याचे, हप्ते दोघांनी फेडलेले, आणि विकताना सह्या आठ जणांच्या! निपुत्रिक विधवेची परिस्थिती याहून कठीण. तिने स्वतः कमावलेली मिळकत मृत्युपत्राअभावी तिच्या आई-वडिलांकडे न जाता नवऱ्याच्या वारसांकडे जाते. नोकरी करणाऱ्या प्रत्येक स्त्रीने एवढ्या एका कारणासाठी तरी मृत्युपत्र करावे, असे आमचे ठाम मत आहे.

मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही. साधा कागद चालतो. दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि त्यांनीही तिथेच सह्या कराव्यात. ज्याला मिळकत मिळणार त्याला साक्षीदार करू नये, कारण संशयाला तिथूनच सुरुवात होते. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान असावेत, कारण उद्या कोर्टात सांगायला ते हयात हवेत. वय झाले असेल किंवा आजारपण असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. ‘माझी सर्व जमीन’ असे मोघम लिहू नये. गट नंबर, क्षेत्र, फ्लॅट आणि भाग दाखल्याचा (सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटचा) क्रमांक घालावा. शेवटी ‘याखेरीज जी काही मिळकत निघेल ती अमुकला’ हे वाक्य हवेच, नाहीतर राहून गेलेल्या एका ठेवीसाठी पुन्हा कोर्ट. वडिलोपार्जित जमिनीत फक्त आपल्या हिश्शापुरतेच लिहिता येते. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी. मूळ प्रत मात्र एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नये. तो उघडण्यासाठी लागणारा कागद आतच राहतो. (गोव्यात नियम वेगळे आहेत : तिथे मुले असतील तर साधारणपणे आपल्या निम्म्याच मिळकतीचे मृत्युपत्र करता येते.)

बँकेच्या खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारीने किंवा एकामागून एक (पहिला हयात नसेल तर दुसरा); लॉकरला फक्त एकामागून एक. नॉमिनी असेल तर बँकेने वारस दाखल्यासाठी अडवू नये आणि कागदपत्रे पूर्ण झाल्यावर १५ दिवसांत दावा निकाली काढावा, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. मृत्यूनंतर एटीएम कार्डाने पैसे काढू नयेत. अंत्यविधीच्या खर्चासाठी काढले तरी इतर वारसांच्या तक्रारीला आयते कारण मिळते. पासबुकात मे-जूनच्या सुमारास ४३६ किंवा २० रुपये वजा झाल्याची नोंद जरूर शोधावी. पहिली पंतप्रधान जीवन ज्योती विम्याची, दुसरी अपघात विम्याची, आणि त्यामागे दोन लाखांचे संरक्षण असते. कित्येक घरांत हा दावा केलाच जात नाही, कारण विमा होता हेच ठाऊक नसते.

सर्वांत जास्त वेळ खातो तो नावातला फरक. सातबाऱ्यावर ‘बाळू’, आधारवर ‘बाळकृष्ण’, पासबुकात नुसती आद्याक्षरे. माणूस हयात असताना हे सुधारणे सोपे. नंतर प्रतिज्ञापत्रांचा ढीग लागतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी, अर्जावर आधारप्रमाणेच नाव लिहावे आणि दाखल्याच्या किमान दहा प्रती घ्याव्यात.

शेतजमिनीची वारसनोंद तीन महिन्यांत करायची असते. त्या अर्जातून मुलींची नावे गाळली जातात, किंवा दहाव्याच्या दिवशीच बहिणींपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. हे थांबले पाहिजे. नोटरी केलेल्या हक्कसोडपत्राने जमिनीतला हक्क सुटत नाही, त्याची नोंदणी लागते. आणि फेरफारात नाव नसल्याने बहिणीचा हिस्सा बुडत नाही, फक्त वाद पुढच्या पिढीवर जातो.

गृहनिर्माण संस्थांना एक विनंती. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. त्याच सभेत नामनिर्देशन न केलेल्या सभासदांना कोरे अर्ज द्यावेत आणि नॉमिनी हयात नसलेल्यांना नवे नाव द्यायला सांगावे. मुख्य म्हणजे ‘नॉमिनी मालक नाही’ हे मराठीत लिहून सूचना फलकावर लावावे.

आपले नम्र,
काही निवृत्त बँक कर्मचारी, सांगली