सायलीस, करारावर सही करण्याआधी

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

क्रिकेट संघाचा करार आला, पेढे वाटून झाले, आजीने दृष्टही काढली. आता कामाचं लिहिते. तुझा वेग, टप्पा, पाठ आणि खांदा यांच्याकडे बघायला संघात पुष्कळ माणसं असतील. मन बिघडलं तर ते आधी कुठे दिसतं आणि त्यातून करिअरला धक्का नेमका कसा बसतो, हे मात्र कुणी समोर बसवून सांगेल याची खात्री नाही. म्हणून पत्र लांबलं तरी पूर्ण वाच आणि मोसमाच्या मध्यावर पुन्हा एकदा काढ.

खेळाडूचं मानसिक दुखणं बहुतेक वेळा आधी वागण्यात दिसतं, आणि संघात वागणं शिस्तीच्या मापाने मोजलं जातं. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, पहाटे झोप लागते, मग गजर ऐकू येत नाही आणि बस चुकते. फिजिओची वेळ दोनदा हुकते. ग्रुपवरचे निरोप तसेच पडून राहतात. नेटमध्ये कुणी दोन शब्द सुनावले की एरवी गप्प असणारी मुलगी फाडकन उलट बोलते. व्यवस्थापनाकडे नोंद होते ती 'उशीर', 'उद्धट', 'मेहनत कमी' अशी. मैदानावरची माणसं म्हणतात, पैसा दिसला आणि डोक्यात हवा गेली. मोसम संपल्यावर कुणाला ठेवायचं हे ठरतं तेव्हा टेबलावर याच नोंदी असतात. नैराश्य उपचारांनी बरं होतं, शेरा मात्र खेळाडूच्या मागे पुढच्या संघातही जातो. म्हणून दुखण्याला दुखणं म्हणून वेळेवर नाव मिळणं हा तुझ्या व्यवसायाचाही प्रश्न आहे.

आणि हे विरळा नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात सध्या खेळत असलेल्या उच्च स्तरावरच्या खेळाडूंमध्ये चिंता आणि नैराश्याच्या लक्षणांचं प्रमाण 34 टक्के आढळलं. लक्षणं म्हणजे लगेच पक्कं निदान नव्हे, पण ड्रेसिंग रूममध्ये तू एकटी नसशील एवढं त्यातून कळतं.

कामगिरीवरून मात्र अंदाज बांधू नकोस. ऑक्टोबर 2019 मध्ये अ‍ॅडलेडला श्रीलंकेविरुद्ध ग्लेन मॅक्सवेलने 28 चेंडूंत 62 धावा काढल्या आणि त्याच आठवड्यात मानसिक स्वास्थ्यासाठी तो मालिकेतून बाहेर पडला. त्याने नंतर सांगितलेली एक गोष्ट तू नीट लक्षात ठेव. त्याच वर्षीच्या विश्वचषकात सरावात हाताला चेंडू लागला, तेव्हा हात मोडला असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं होतं. 'दुखापत झाली तर सुटेन' हा विचार एकदा आला तर थकवा म्हणून सोडून दे. आठवड्यात दोन-तीनदा आला तर त्याच आठवड्यात कुणाला तरी सांग.

थकवा आणि नैराश्य वेगळं ओळखणं वेगवान गोलंदाजाला अवघड जातं, कारण झोप आणि भूक दोन्हींत बिघडते, अंगही दोन्हींत दुखतं. साधारण ओळख अशी: सरावाचा थकवा दोन दिवसांच्या विश्रांतीने किंवा हलक्या आठवड्याने उतरायला लागतो, आणि मैदानाबाहेर हसू येतं, आवडीचं खावंसं वाटतं. नैराश्यात सुट्टीचा दिवसही तेवढाच जड जातो, अनेकांना सकाळ सगळ्यात वाईट जाते, आणि क्रिकेटशी संबंध नसलेल्या गोष्टींतलाही रस जातो. तरी स्वतःच निदान करून मोकळी होऊ नकोस. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, बी-12 आणि ड जीवनसत्त्व तपासून घे. लोह कमी असलेल्या मुलीला आळशी ठरवल्याची उदाहरणं खेळात कमी नाहीत.

मन बिघडल्याचा शरीरावर होणारा परिणाम काल्पनिक नसतो. ताणाखाली नजरेचा आवाका आकुंचतो, कडेने येणारं उशिरा दिसतं, स्नायू आखडतात, लक्ष भलतीकडे जातं. सीमारेषेवर झेल घेताना शेजारची क्षेत्ररक्षक दिसली नाही, किंवा आखडलेल्या मांडीने अचानक धाव घेतली, की दुखापत होते, आणि नोंद फक्त दुखापतीची होते. गोलंदाजीत आणखी एक होतं: जी क्रिया वर्षानुवर्षं आपोआप घडते तिच्यावर चिंताग्रस्त मन पहारा ठेवायला लागतं. पाऊल कुठे पडतंय, मनगट कसंय, असं दर चेंडूला तपासायला लागलीस की रन-अप तुटतो आणि नो-बॉल पडतात. त्यावर आणखी चार षटकं टाकून बघणं हा उपाय नाही, त्याने पहारा वाढतो.

अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सचं टोकियो ऑलिम्पिकमधलं उदाहरण बघ. सांघिक अंतिम फेरीत व्हॉल्टवर तिला हवेत अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या, तिने दीडच घेतल्या, कारण हवेत आपण कुठे आहोत हेच तिला कळेनासं झालं. ती डोक्यावर किंवा मानेवर पडू शकली असती. ती थांबली, लोकांनी पळपुटी म्हटलं, आठवड्याभरात बॅलन्स बीमवर तिने कांस्य जिंकलं, आणि 2024 मध्ये पॅरिसला तीन सुवर्णं आणि एक रौप्य. थांबण्याचा निर्णय तिने स्वतः, वेळेत आणि कारण सांगून घेतला. मला त्यातलं 'कारण सांगून' सगळ्यात मोलाचं वाटतं.

कारण लपवलं की काय होतं ते इंग्लंडचा सलामीचा फलंदाज मार्कस ट्रेस्कोथिक याच्या बाबतीत दिसलं. फेब्रुवारी 2006 मध्ये बडोद्याहून तो दौरा सोडून इंग्लंडला परतला. आधी कौटुंबिक कारण सांगितलं गेलं, मग विषाणूसंसर्ग. खरं कारण नैराश्य आणि चिंता हे होतं. जगाला वेगवेगळी कारणं ऐकू आली आणि कुजबुज वाढली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाचा दौराही त्याला सोडावा लागला, आणि 2008 मध्ये त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेट थांबवलं. पण सॉमरसेट या इंग्लंडमधल्या काउंटी संघासाठी तो 2019 पर्यंत खेळला! घराजवळ राहून खेळणं त्याला जमत होतं, महिनोन्‌महिने परदेशी हॉटेलात राहणं जमत नव्हतं. त्याच्या करिअरचा आकार बदलला, करिअर संपलं नाही. मॅक्सवेल खरं बोलून बाहेर पडला, डिसेंबरात ऑस्ट्रेलियातली बिग बॅश लीग खेळायला परत आला, आणि 2023 मध्ये वानखेडेवर अफगाणिस्तानविरुद्ध त्याने केलेल्या नाबाद 201 तर तुला पाठच असतील. दोघांचे आजार सारखे होते असं मी म्हणत नाही, पण उघड बोलल्याने मॅक्सवेलचं दार बंद झालं नाही हे नक्की.

आपल्याकडचंच बघायचं तर जेमिमा रॉड्रिग्ज. 30 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात नाबाद 127 केल्यावर तिने सांगितलं की स्पर्धेच्या सुरुवातीला ती चिंतेने ग्रासली होती, सामन्याआधी आईला फोन करून रडायची, आणि संघातल्या मैत्रिणी तिच्याजवळ बसून राहायच्या. तिला मध्ये एका सामन्यातून वगळलंही होतं. तुझ्यासाठी यातला धडा साधा आहे: पहिल्या पंधरा दिवसांत संघातली एक मुलगी अशी हेरून ठेव, जिच्यासमोर रडता येईल.

आता खाण्याचं, कारण वेगवान गोलंदाजांत मन आणि हाडं इथे एकत्र येतात. वजन कमी केलं की वेग वाढेल असं कुणीतरी सांगतं, जेवण घटतं, मग खाण्याची भीती बसते. हिशेब करून बघ. तुझं वजन 60 किलो, त्यातली चरबी साधारण 20 टक्के धरली तर उरलेलं वजन 48 किलो. व्यायामात जळणाऱ्या उष्मांकांव्यतिरिक्त या 48 किलोंना दिवसाला किलोमागे 45 च्या आसपास, म्हणजे सुमारे 2160 किलोकॅलरी मिळायला हव्यात. 30 च्या खाली, म्हणजे 1440 च्या खाली शरीर एकेक खातं बंद करायला लागतं. सरावात 700 जळत असतील तर 2860 खाणं हे खादाडपण नाही, ती गरज आहे. पाळी अनियमित होणं, चिडचिड, झोप उडणं आणि कमरेच्या मणक्यात स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडणारी बारीक चीर), हे सगळं या एकाच तुटवड्यातून येऊ शकतं. पाळी तीन महिने आली नाही तर 'सरावामुळे होतं' असं कुणीही म्हटलं तरी ऐकू नकोस, डॉक्टरांकडे जा.

स्वतःची तपासणी दर महिन्याला एका ठरावीक दिवशी कर, सामन्याच्या आदल्या रात्री नको. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी 16 वर्षांवरच्या खेळाडूंसाठी एक साधन केलं आहे. त्यात आधी 10 प्रश्नांची ताणाची प्रश्नावली असते, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. एकूण 17 किंवा जास्त झाले तर पुढच्या प्रश्नावल्या भरायच्या: नैराश्य, चिंता, झोप, दारू, इतर नशा, खाणं. नैराश्याच्या 9 प्रश्नांत 27 पैकी 10 किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांची वेळ घ्यायची. त्यातला नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल तर बेरीज कितीही येवो, त्याच दिवशी बोलायचं. मला, संघाच्या डॉक्टरांना, किंवा 14416 वर टेलि-मानसला. ही सरकारी सेवा चोवीस तास आणि मराठीतही आहे. त्या रात्री खोलीत एकटी राहू नकोस.

कुणाकडे जायचं हेही बघून घे. औषध मानसोपचारतज्ज्ञ देतात, म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नकोस. 'माइंड कोच' असं कार्ड कुणीही छापू शकतं. संघाने नेमलेल्या मानसशास्त्रज्ञांना पहिल्याच भेटीत विचार: माझ्या नोंदी कोण वाचतं, निवडीच्या बैठकीत तुम्ही बसता का? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 23 ने तुला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. प्रशिक्षकांना निदान सांगणं बंधनकारक धरू नकोस. डॉक्टरांकडून एवढंच कळवता येतं की ही इतके आठवडे सामने खेळणार नाही, अमुक सराव करेल, तमुक तारखेला पुन्हा तपासणी. एवढं लेखी गेलं की 'उशीर' आणि 'मेहनत कमी' या नोंदींना वैद्यकीय आधार मिळतो.

औषध लागलं तर घाबरू नकोस. नैराश्यावर नेहमी दिली जाणारी सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, एसिटालोप्राम ही औषधं उत्तेजकांच्या यादीत नाहीत. गुण यायला 2 ते 6 आठवडे लागतात. सुरुवातीच्या दिवसांत मळमळ, अस्वस्थता, उडालेली झोप होऊ शकते आणि पंचविशीच्या आतल्यांवर या काळात जास्त लक्ष ठेवावं लागतं, म्हणून सामन्यांच्या गर्दीत सुरू न करता आठ-दहा दिवसांची मोकळीक बघून सुरू करणं बरं. अर्थात डॉक्टर आजच सुरू कर म्हणाले तर आजच. यांच्यासोबत डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घेतल्या तर पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि तुम्ही वेगवान गोलंदाज त्या गोळ्या चण्यांसारख्या खाता. फिजिओंना सांगूनच घे. बरं वाटल्यावर साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात. मोसम छान चालला म्हणून मध्येच बंद करायचं नाही. एडीएचडीवरचं (लक्ष टिकत नाही त्या विकारावरचं) मिथाइलफेनिडेट मात्र स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहे, त्यासाठी किमान 30 दिवस आधी वैद्यकीय सवलतीचा अर्ज करावा लागतो.

उत्तेजक चाचणीच्या नोंदणीत तुझं नाव आलं तर रोज 60 मिनिटांची एक वेळ आणि ठिकाण कळवावं लागेल. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या, चाचणी हुकली किंवा माहिती भरायची राहिली, तर दोन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. नैराश्यात सगळ्यात आधी सुटतात ती असलीच कामं. माहिती भरायला दुसऱ्या व्यक्तीला नेमता येतं, पण जबाबदारी तुझीच राहते. तब्येत बरी नसेल त्या महिन्यात ते काम माझ्याकडे दे.

सट्ट्याबद्दल थोडक्यात. दुखापतीच्या रिकाम्या दिवसांत फोनवर पैसे लावण्याचा नाद लागतो, आणि क्रिकेटच्या कुठल्याही सामन्यावर पैसे लावणं हा तुझ्यासाठी गुन्हा आहे, त्यात तू खेळत नसलीस तरी. इंग्लंडचा वेगवान गोलंदाज ब्रायडन कार्स याला त्याने 2017 ते 2019 दरम्यान लावलेल्या 303 पैजांसाठी 2024 मध्ये 16 महिन्यांची बंदी झाली, त्यातले 13 महिने स्थगित ठेवले म्हणून वाचला. पैज कितीची होती हे नियमात गौण आहे. शिवाय कर्जात बुडालेला खेळाडू सामने फिरवणाऱ्यांना लगेच दिसतो.

विश्रांती घ्यावी लागली तर परतीची घाई नको. उठण्याची वेळ रोज तीच ठेव, आकडे न मोजता हलका व्यायाम सुरू ठेव, संघाच्या एका बैठकीला तरी जा. गोलंदाजी हळूहळू वाढव, कारण महिनाभर हात थांबल्यावर एकदम पूर्ण भाराने टाकलं की मन बरं आणि पाठ मोडलेली अशी गत होते.

करारातलं वैद्यकीय कलम मी अजून पाहिलेलं नाही. त्यात 'दुखापत' एवढंच लिहिलंय की 'दुखापत अथवा आजार', आजारपणातलं मानधन किती, आणि वैद्यकीय माहिती कुणाकुणाला द्यायची अट आहे, ही तीन वाक्यं शोध. 'आजार' शब्द नसेल तर घालून मागायचा. त्या पानांचे फोटो मला आणि वकीलकाकांना आज रात्री पाठव, आणि आमचं बोलणं होईपर्यंत सही करू नकोस.

तुझी,
आई