तिकिटाची पूर्ण किंमत पहिल्याच पानावर दिसावी

महोदय,

चतुर्थीला गावी येणाऱ्यांच्या विमानभाड्याची ओरड दरवर्षी होते. भाडी वाढतात हे खरंच आहे. पण सावंतवाडीत शेजारपाजारच्या लोकांची तिकिटं मी काढून देते, तेव्हा दिसतं की त्याच विमानाचं तिकीट जाणकाराला स्वस्त पडतं आणि इतरांना महाग. मला हे भाडेवाढीइतकंच सलतं.

विमानातल्या साध्या वर्गाच्या जागासुद्धा एका भावाने विकत नाहीत. त्यांचे भाडेगट पाडलेले असतात आणि स्वस्त गट आधी संपतो. त्या गटात दोनच जागा उरल्या असताना चौघांचं तिकीट एकत्र शोधलं, तर सहसा चौघांनाही वरच्या गटाचं भाडं दिसतं. म्हणून आधी एकाचं भाडं बघावं, मग दोघांचं, मग सगळ्यांचं. फरक मोठा असेल तर तिकिटं दोन भागांत काढावीत. मात्र म्हाताऱ्या माणसाला किंवा मुलाला एकटं वेगळ्या तिकिटावर घालू नये. विमान रद्द झालं तर ताटातूट होते. स्वस्त जागा किती उरल्या हे संकेतस्थळाला माहीत असतं, मग ते गिऱ्हाइकाला सांगायला काय हरकत आहे?

आमच्याकडे आणखी एक घोळ होतो. 'गोवा' टाकलं की मोपा आणि दाबोळी या दोन्ही विमानतळांची विमानं एकाच यादीत येतात. मोपा आम्हाला जवळ. दाबोळीचं तिकीट थोडं स्वस्त दिसतं म्हणून मुलं तेच काढतात आणि मग झुआरी, मांडवी ओलांडून येणारी टॅक्सी ती सगळी बचत खाते.

विमानाचं तिकीट काढायला उशीर होण्याचं कारण बऱ्याचदा रेल्वे असते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. प्रतीक्षा यादी पुढे सरकेल या आशेवर माणसं थांबतात आणि शेवटी विमानाकडे वळतात, तोवर स्वस्त गट संपलेले असतात. चतुर्थीची तारीख तर वर्षभर आधी पंचांगात असते. रजा मंजूर होत नाही ही खरी अडचण, आणि तिला माझ्याकडे उत्तर नाही.

तिकीट रद्द करण्याबाबत तर फारच अज्ञान आहे. मूळ भाडं परत न मिळणारं असलं तरी सरकारी कर आणि विमानतळाचं विकास शुल्क परत करणं कंपनीवर बंधनकारक आहे, प्रवासी विमानतळावर गेलाच नाही तरीसुद्धा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा हा नियम आहे. आमच्या शेजारच्या काकींचं पुण्याला जाणं आजारपणामुळे रद्द झालं, तेव्हा एजंटाने "काही मिळणार नाही" म्हणून हात वर केले. नियम दाखवून लेखी मागितल्यावर कराची रक्कम खात्यात आली. पेन्शनवर जगणाऱ्या बाईला ती रक्कम थोडी नव्हती.

महासंचालनालयाकडे माझी मागणी आहे: सुविधा शुल्क (तिकीट काढताना संकेतस्थळ भाड्यावर वेगळं लावतं ते) धरून पूर्ण रक्कम शोधाच्या पहिल्याच पानावर दाखवणं सक्तीचं करावं, शेवटच्या पायरीवर नव्हे, आणि कराचा परतावा न मागता खात्यात जमा व्हावा. आपणही चतुर्थीच्या चार महिने आधी हा परताव्याचा नियम ठळक चौकटीत छापावा, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, सावंतवाडी