मंत्रीमहोदय, पालघट मुतारीच्या भिंतीवर?

मा. मंत्रीमहोदय,
स.न.वि.वि.

सरकारी भिंतींवरची वारली चित्रं आदिवासी बायांकडूनच करून घेऊ, असं आपण जाहीर सभेत सांगितलंत. टाळ्या पडल्या. काम गेलं शहरातल्या ठेकेदाराकडे आणि गेल्या आठवड्यात त्याने स्टेन्सिल लावून लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवर काढायचं आमचं चौकोनी चित्र, उठवला. कुठे? सार्वजनिक मुतारीच्या भिंतीवर. चौकात पालघट देवी असते. तो सवाशिणींनी लिहायचा, धवलेरीने, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईने, गायचं; त्याशिवाय आम्हा वारल्यांत लग्न लागत नाही.

बरं, काम तरी धड? आम्ही रानातल्या कारवीच्या काड्यांच्या कुडाला शेणमाती लिंपतो, वर गेरू फिरवतो. भिजवलेला तांदूळ पाट्यावर वाटून त्यात पाणी, थोडा डिंक. बांबूच्या काडीचं टोक चावलं की कुंचला तयार. आमची भिंत पाणी पिते म्हणून हा तांदळाचा पांढरा रंग धरतो. तुमच्या माणसाने गुळगुळीत ऑइलपेंटवर स्पंजाने पीठ थापलं, वाळताच पोपडे. अशी भिंत आधी घासून घ्यावी लागते, मग ॲक्रेलिक; विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं. शेजारी तारपा नाच, तारपा वाद्य वाजवणाऱ्याभोवती फेर धरतात तो. स्टेन्सिल उलटी धरल्यामुळे बायांचे अंबाडे तारपा वाजवणाऱ्याकडे, म्हणजे सगळ्या पाठ फिरवून. तारप्याकडे पाठ करत नाहीत, साहेब.

निविदा का भरली नाही, असं वर आम्हालाच विचारतात. तीन वर्षांची उलाढाल, जीएसटी, अनामत! आमची उलाढाल पाट्यावर वरवंट्याची होते तेवढीच. 2014 साली या कलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने ठेकेदाराची स्टेन्सिल अडली का? वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, अभिमानच आहे. पण त्यांच्या आधीपासून चौक लिहीत आलेल्या बाया तुमच्या कुठल्या फायलीत आहेत?

आणि कारवी काय मॉलमध्ये मिळते? डहाणू तालुका 1991 साली केंद्रानेच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. आता तिथेच वाढवणला 76 हजार कोटींचं बंदर. बायांनी तुटणारं रान, बुजणारी खाडी चित्रात लिहिली की साहेबलोक म्हणतात, विषय बदला, लग्न काढा, नाच काढा. डोंगर द्यायचा प्रकल्पाला, आणि प्रकल्पाच्या फलकाला किनार आमच्या चित्रांची, छान हिशेब आहे.

पुढची कामं ग्रामसभेमार्फत द्या, चौरस फुटाचा दर ठरवा, पैसे बायांच्या खात्यावर टाका. मुतारीवर नवा चौक नको. आहे तो या आठवड्यात पुसा. पीठच आहे, पाणी मारलंत तरी निघेल. पावसाची वाट बघू नका.

चौक लिहिणाऱ्या बाया,
डहाणू तालुका